तीन आण्यांत दोन मैल

मराठी माणसाला दुसऱ्याचं कौतुक करता येतं की नाही, यावर वाद घालता येईल. स्वतःचं करता येत नाही, याबद्दल मात्र दुमत नसावं. पुस्तक निघालं, चित्रांचं प्रदर्शन भरलं किंवा घरच्या घरी लोणच्याचा उद्योग सुरू झाला, की तो ओळखीपाळखीच्या मंडळींना कळवतो: "सहज म्हणून सांगतोय. सवड झाली तर बघा. नाही जमलं तरी हरकत नाही. गैरसमज नसावा." गैरसमज कसला व्हायचाय? फार फार तर कुणी पुस्तक विकत घेईल, एवढाच काय तो धोका.

या संकोचाचा थोडा दोष समर्थांकडे जातो. दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगणारा समास आहे, त्यात आपली स्तुती आपणच करणाऱ्याला त्यांनी बिनदिक्कत मूर्खांत बसवलंय. बरं, तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण त्याच ओवीत त्यांनी वाडवडिलांची कीर्ती सांगणाऱ्यालाही ओढलंय. म्हणजे 'सर्वोत्तम चवीचे एकमेव ठिकाण' ही पाटी गेली आणि 'आजोबांपासून आपल्या सेवेत' हीदेखील गेली. दुकानाबाहेर लिहायला मग 'चपला बाहेर काढा' एवढंच उरतं, आणि ते आपण मनापासून लिहितो. संतांनी स्वतः अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालायला मागेपुढे पाहिलं नाही, हे खरं. पण त्या नावापुढे एकही विशेषण नाही. आपण विशेषणाला तर घाबरतोच, नावालाही घाबरतो.

मी राहतो कामरेजला, आणि इथे ही भीती कुणाला ठाऊक नाही. सुरतेहून पंधरावीस किलोमीटरवर, तापीच्या काठाला, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरचं हे गाव. आमच्या चार रस्त्यावर उभं राहून नुसत्या पाट्या वाचल्या तरी तासभर सहज जातो. जुनी आणि जाणीती दुकानं एकाला लागून एक. एक काठियावाडी भोजनालय 'असली' आहे, त्याच्या शेजारचं 'शुद्ध असली' आहे, आणि समोरचा लोचोवाला काहीच लिहीत नाही, कारण त्याच्यापुढची रांगच त्याची पाटी. सौराष्ट्राकडे जाणाऱ्या बसचे पुकारणारे गावांची नावं अशा सुरात ओरडतात, की ज्याला कुठेच जायचं नाही त्यालाही भावनगरला कुणीतरी वाट पाहत असल्यासारखं वाटावं.

मी मूळचा खानदेशातला. सुरत-भुसावळ लोहमार्गाने पिढ्यान्‌पिढ्या आमच्या भागातली माणसं इकडे येत राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत भाजीवालीशी घासाघीस करायला मराठी पुरते. मीही त्यातलाच. कापड मार्केटमधल्या एका गाळ्यावर आयुष्यभर हिशेब लिहिला. ताके, वटाव, उधारी, पार्टीने परत पाठवलेला माल. निवृत्त झाल्यावर कामरेजला घर घेतलं आणि लिहायला लागलो. हिशेब सोडून दुसरं काही, असं म्हणायचंय. त्यातून ललित लेखांचं एक पुस्तक झालं. त्याच्या प्रती सध्या आमच्या दिवाणाच्या पोटात आहेत आणि पाहुण्यांना त्यांवर झोप चांगली लागते.

माझ्या भाच्याला हे पाहवलं नाही. तो ऑनलाइन विक्रीच्या कुठल्याशा कंपनीत आहे. म्हणाला, "मामा, रील करू. तुम्ही फक्त मनातलं बोला. लोकांना आता खरा आवाज लागतो." मी मनातलं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने मला खिडकीकडे वळवलं, मागचं कॅलेंडर काढलं, टेबलावर कपात चहा नसताना कप ठेवला आणि म्हणाला, "आता एकदम सहज." नसलेला चहा पिताना माणसाने जितकं सहज दिसावं तितका मी दिसलो. मग त्याने माझ्या बोलण्याखाली बासरी घातली. एरवी माझ्या घरात बासरी फक्त गोकुळाष्टमीला वाजते.

खरा आवाज लावण्याचा खटाटोप केला की तो कसा होतो, याच्या नमुन्यांना सुरतेत तोटा नाही. इथले साड्यांचे व्यापारी हल्ली महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांसाठी मराठीत व्हिडिओ करतात. "नमस्कार ताईंनो, बघा किती सुंदर असा पल्लू आहे, मनमोहक असा कलर आहे, सिंगल पीस पण भेटून जाईल." मराठी दोन दिवसांपूर्वी शिकलेली असते, तरी मला हे व्हिडिओ आवडतात. कारण बोलता बोलता तो माणूस साडी दोन्ही हातांनी ओढून दाखवतो, पदर उलटा करून मागचे धागे दाखवतो, ब्लाऊजपीस वेगळा आहे की जोडून आहे हे सांगतो आणि भाव सांगतो. 'मनमोहक' हा शब्द त्याने कुणाचा तरी ऐकून घेतलाय. उलटा केलेला पदर मात्र त्याचा स्वतःचा आहे. विकते ती साडी त्या पदरामुळे.

सुरतेने हा धडा एका मराठी माणसाला शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दिला होता. किंवा त्याने सुरतेला दिला होता. माझं मत अजून ठरत नाही.

तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला. आमचं कामरेज तेव्हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला एक तालुका होतं, त्यामुळे फाळके आमच्याच संस्थानातले, असा एक दूरचा हक्क मी मनातल्या मनात सांगून घेतो. गोध्र्याला त्यांनी फोटोंचा स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल गेलं. पुढे बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर तिथे लोकांचा समज असा, की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य कमी होतं. आता यावर काय जाहिरात करायची? 'आमच्याकडे फोटो काढून घ्या, जिवंत राहाल'?

मग छापखाना, भागीदारांशी बेबनाव, आणि एके दिवशी मुंबईत पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र पाहून डोक्यात शिरलेलं सिनेमाचं वेड. पैसा कुणी देईना. तेव्हा त्यांनी कुंडीत एक बी पेरलं आणि ते उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं. 'अंकुराची वाढ' हा तो छोटा चित्रपट. भांडवलवाल्यांसमोर त्यांनी आपण कोण, कुठे शिकलो, किती तळमळ आहे, यातलं काही दाखवलं नाही. बी होतं, त्याचं रोप झालं, एवढंच दाखवलं. पैसे मिळाले. तरीही त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गेलेच. या बाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि फिल्मच्या कामालाही हात लावत. त्यांच्या नावाची जाहिरात त्या काळी कुणी केली नाही.

नटांसाठी फाळक्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तर नाना तऱ्हेचे उमेदवार येऊन धडकले. तेव्हा त्यांनी पुढच्या जाहिरातीत सुधारणा केली: चेहरा चांगला नसेल त्यांनी येण्याची तसदी घेऊ नये. आज हे कुणी लिहिलं तर दुसऱ्या दिवशी जाहीर माफी मागावी लागेल. पण एवढा थेट आवाज काढायलाही छाती लागते. हरिश्चंद्राच्या राणीचं, तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि चालला. मग तो सुरतेला आला, आणि पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये.

तीन रुपये! यात सुरतेचा दोष नाही, हिशेबाचा आहे. इथे नाटक सहा तास चालायचं आणि त्याला दोन आणे पडायचे. फाळके मागत होते तीन आणे, आणि खेळ आटोपणार पाव वेळात. आयुष्यभर वटाव कापणाऱ्या शहराला हे पटणं शक्यच नव्हतं. थिएटरच्या भागीदाराने सल्ला दिला, खेळ लांबवा नाहीतर तिकीट उतरवा. फाळक्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. गल्ला तीन रुपयांचा तीनशेवर गेला.

ही गोष्ट फाळक्यांच्या चातुर्याची म्हणून सांगतात. मला मात्र जुनी खोड गप्प बसू देत नाही; मी त्या गोष्टीचा ताळा केला. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं मावतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट नोंदलेली आहे. सोळाने गुणलं तर ५९,२०० चित्रं होतात. फाळक्यांनी सांगितली ५७,०००. म्हणजे या बाबतीत त्यांनी आकडा फुगवला तर नाहीच, उलट दोन हजार पदरचे सोडले. आता दोन मैल. दोन मैलांचे फूट होतात १०,५६०. चित्रपट त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा, पुरता पाऊण मैलसुद्धा नाही. एका ओळीत हिशेबनीस आणि पुढच्याच ओळीत कीर्तनकार!

तरी या दोन मैलांना मी खोटं म्हणणार नाही. ते कुठे बोलले गेले ते पाहायला हवं. सुरत हे कापडाचं गाव. जरी आणि रेशीम इथून दूरदूर जायचं. इथल्या माणसाला वस्तू लांबीने कळते. दोन मैल म्हणजे ३,५२० वार. तीन आण्यांत एवढा माल कोणत्या गाळ्यावर मिळतो? माझा तर्क असा, की सुरतेच्या त्या संध्याकाळी लोक हरिश्चंद्राचं सत्य पाहायला गेले नाहीत. ते ताका उलगडलेला पाहायला गेले. फोटोंचाही भाव त्यांनी मनात काढलाच असेल: पैशाला ४,७५० फोटो. घरात एक फोटो काढायचा तर ट्रंकेतला कोट बाहेर निघायचा, तो काळ. आणि कॅमेरा आयुष्य खातो म्हणून ज्याचा धंदा बडोद्यात बसला, त्यानेच शेजारच्या शहरात सत्तावन्न हजार फोटो एकदम पुढे केले. कुणाचंही आयुष्य कमी झाल्याची तक्रार आली नाही.

शिवाय फाळक्यांनी 'मी भारतात पहिल्यांदाच' असं काही सुरतेला ऐकवलं नाही. ते खरं असतं तरी सुरतेला त्याच्याशी काय देणंघेणं? पहिल्याचा वटाव कुणी देत नाही.

फाळके एकटेच असे होते असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले तेव्हा शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमिनीत विष उतरतं. नांगर पडून राहिले. पुढे किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्र निघालं, कारखान्याची आणि मालाची माहिती द्यायला. शंकरराव किर्लोस्करांनी त्यात माहितीबरोबर चित्रं घातली, गोष्टी घातल्या, वाचकाशी गप्पा घातल्या. होता होता त्यातली 'खबर' गळली आणि मागे 'किर्लोस्कर' मासिक उरलं, जे घराघरांतून वाचलं गेलं. ज्यांच्या घरात नांगर सोडा, कुंडीही नव्हती, त्यांनीही वाचलं. जाहिरातीचं पत्रक इतकं बरं लिहिलं गेलं, की लोक माल विसरून पत्रकच विकत घ्यायला लागले. कंपन्यांच्या आजच्या प्रसिद्धिपत्रकांबाबत हा धोका कुणाला दिसत नाही.

आता आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींचं सांगतो. त्या खानदेशी काळा मसाला करतात. मिरची नंदुरबारहून येते, खोबरं आणि कांदा त्या स्वतः भाजतात, आणि भाजण्याचा तो वास जिन्यातून चढायला लागला की वरच्या मजल्यावरच्या काठियावाडी बायकाही दार उघडतात. मसाला खपायचा तो तोंडोतोंडी. मग त्यांच्या मुलीने व्हॉट्सअॅपवर गट केला आणि पहिली जाहिरात लिहिली. त्यात आजीच्या हातची जादू होती, मातीचा सुगंध होता, परंपरेचा वारसा होता, प्रेमाचा तडका होता. किंमत नव्हती. गटातल्या सगळ्यांनी अंगठे वर केले. मागणी आली नाही.

पुढच्या खेपेला मुलगी परीक्षेत अडकली म्हणून वहिनींनी स्वतःच आवाज रेकॉर्ड करून टाकला. तो मला जवळजवळ पाठ आहे. "मी बोलतेय, बी विंगमधून. मसाला झाला. मिरची ह्या खेपेला जहाल निघालीय, ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी अर्धाच चमचा टाका. खोबरं महागलं, ते मी कमी केलं नाही, म्हणून किलोला चाळीस रुपये वाढवलेत. बरणी आपली आणा. दुपारी दोन ते चार मी झोपते." मागे कुकरची शिट्टी झाली, तीही तशीच गेली.

संध्याकाळपर्यंत मसाला संपला.

मार्केटमध्ये मी जन्मभर दलाल पाहिले. गोड बोलणारे पुष्कळ होते. त्यांच्याशी चहा प्यायला बरं वाटायचं. पण ज्याच्या शब्दावर शेठ न पाहता माल उचलायचे तो एक दलाल होता, आणि त्याची रीत उलटी होती. ताका उघडायच्या आधीच तो सांगायचा, "शेठ, आमां डाघ छे." कुठे आहे, केवढा आहे, कापताना तो कसा वगळता येईल, हेही सांगायचा. डाग सांगून झाल्यावर तो कापडाबद्दल जे चांगलं बोलेल, ते मग खरंच मानायचं. वहिनींनी तेच केलं, फक्त त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मिरची जहाल आहे असं त्या म्हणाल्या, म्हणून खोबरं कमी केलं नाही यावर लोकांचा विश्वास बसला. फाळक्यांचे दोन मैल चालून गेले, कारण पडद्यावर सत्तावन्न हजार फोटो खरोखर होते. त्यामुळे भाच्याच्या बासरीला माझा विरोध नाही; बासरीच्या आधी पुस्तकाची पानं किती आणि किंमत किती, हे सांगून टाकावं एवढंच म्हणणं आहे. ती १६० आहेत. किंमत दोनशे रुपये. मधले दोन लेख कंटाळवाणे आहेत, ते वगळून वाचले तरी चालेल.

कामरेजचंच पाहा ना. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस' नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोचच्या आखातात शिरताना काय काय लागतं, हे सांगताना तो कम्मोनी नावाच्या गावाचा उल्लेख करतो, आणि हे गाव म्हणजे कामरेज असं काही अभ्यासकांचं मत आहे. उल्लेख कशासाठी? तर त्या गावासमोर खडकाळ, अरुंद उथळ भाग आहे, गलबतं जपून न्या. जगाच्या बाजारात आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा गेलं ते असं, धोक्याच्या सूचनेतून. तरीही गलबतं येत राहिली. खडक कुठे आहे हे ज्याने सांगितलं, त्याच्या बाकीच्या पुस्तकावर खलाशांनी भरवसा ठेवला असणार. त्या लेखकाने स्वतःचं नाव मात्र कुठेच लिहिलं नाही. बहुधा सहज म्हणून कळवलं असावं.

तर वाचकहो, तुमच्याही गटात कुणी ना कुणी असेल. पापड करणारी मावशी, पेटी शिकवणारे काका, कवितासंग्रह काढलेला मित्र, कापडी पिशव्या शिवणारी शेजारीण. त्यांचा संकोचाने लिहिलेला मेसेज आला, की अंगठा वर करू नका. भाव विचारा.